हॉलचा डोळा

"काका, एकदा टेप लावून बघा ना."

"टेप शिंप्याला लागते," ओळंबा म्हणाला आणि पेन्सिलीचं टोक भिंतीला टेकवून उचललं. मोहरीएवढा ठिपका उमटला.

पंचवीस चित्रं लागून झाली होती. अजून सात राहिली होती. उद्या सकाळी अकराला प्रदर्शन उघडणार होतं आणि नवा मांडणीकार दुपारपासून त्याच्या मागे मागे फिरत होता. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, कुणाच्या शेजारी कोण, हे ठरवायचं ते मांडणीकारानं. तिशीतला, शिकून आलेला, बोलायला मऊ. भिंतीला भोक पाडणं हे काही त्याचं काम नव्हतं. ते ओळंब्याचं.

खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण त्या नावानं त्याला हॉलमध्ये कुणी हाक मारली नव्हती. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतो, तो ओळंबा. चौतीस वर्षांपूर्वी हॉलच्या थोरल्या साहेबांनी त्याला भिंतीशी उभं केलं होतं, दोन पावलं मागं सरून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "तुझी उंची मापाची आहे रे. ना उंच, ना बुटका. तुझ्या डोळ्यासमोर येईल ते शंभरातल्या नव्वदांच्या डोळ्यासमोर येईल. चित्राचा मध्य तुझ्या डोळ्याला आला पाहिजे. आजपासून तुझा डोळा तोच या हॉलचा डोळा."

थोरले साहेब गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही गेले. पण डोळा तोच राहिला. भिंतीपासून हातभर अंतरावर टाचा जुळवून उभं राहायचं. श्वास सोडायचा. डावा डोळा मिटायचा, आणि उजव्यासमोर येईल तिथं पेन्सिल टेकवायची. मग चित्र पालथं करून मागची तार बोटानं ताणायची, तारेपासून मध्यापर्यंत किती विती किती बोटं ते मोजायचं आणि ठिपक्याच्या तेवढंच वर खिळा. बत्तीस चित्रं, बत्तीस वेळा श्वास. सगळी एका ओळीत उभी राहायची, शाळेतली मुलं प्रार्थनेला राहतात तशी.

मांडणीकारानं पिशवीतून एक लहानसं यंत्र काढून तिपाईवर ठेवलं. बटण दाबताच भिंतीवर लाल रेघ पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मापाच्या उंचीवर लावलंय मी हे," तो म्हणाला. "एकोणसाठ इंच."

रेघ पंचवीस चित्रांवरून गेली होती. पण एकाच्याही मधून गेली नव्हती. सगळ्यांच्या कपाळावरून गेली होती.

"तुमचं यंत्र वर उभं आहे," ओळंबा म्हणाला.

मांडणीकारानं टेप काढली, जमिनीपासून ठिपक्यापर्यंत ताणली आणि त्याच्यासमोर धरली. छप्पन्न.

"टेप ताणली की वाढते," ओळंबा म्हणाला. "ते मला सांगू नका. बायको शिवते, माझ्या घरात आहेत दोन."

"मग तुमचंच जुनं एखादं चित्र मोजू. तुम्ही लावलेलं, परत न काढलेलं."

तसं एकच होतं. जिन्याच्या वळणावरचं. पहिल्या वर्षी त्यानं ते लावलं होतं आणि कुणी हलवलं नव्हतं. नदीत एक नाव, नावेत एकटा नावाडी, तोंड आपल्याकडं. सुरुवातीची कित्येक वर्षं कामावर येताना ओळंबा तिथं थांबायचा, नावाड्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा आणि मग वर जायचा. पुढं पुढं थांबणं सुटलं. माणूस रोजच्या माणसासमोर कुठं थांबतो?

तो तिथं गेला. हातभर अंतर, टाचा जुळवल्या, श्वास सोडला, डावा डोळा मिटला.

समोर पाणी होतं.

नावाडी वर राहिला होता. ओळंब्याचा डोळा नावेखालच्या पाण्यात होता, तीन इंच बुडालेला. मागून मांडणीकारानं टेप लावल्याचा आवाज आला. "एकोणसाठ," तो हळूच म्हणाला. त्याला बिचाऱ्याला आनंद झाला नव्हता.

मॅडम वर आल्या तेव्हा उरलेली सात चित्रंही लागली होती. त्याच उंचीवर लावली होती, कारण पंचवीस खाली आणि सात वर असं काही करता येत नव्हतं. हॉल मॅडमच्या हाताखाली आल्याला सहा वर्षं झाली होती. त्यांनी लाल रेघ पाहिली, मग चित्रं पाहिली.

"सगळी खाली?"

"सगळी," मांडणीकार म्हणाला. "तीन इंच. पण मॅडम, आपसात केसाचाही फरक नाही. मी मोजलं."

"मी काढतो," ओळंबा म्हणाला. "सगळी काढून परत लावतो."

"काका, बत्तीस चित्रांची भोकं बुजवायची, पुट्टी वाळायची, रंग द्यायचा. उद्या अकराला लोक दारात. राहू दे. लोक चित्रं बघतात, इंच कोण मोजतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "चौतीस वर्षं झाली, काका. आता जरा आराम करा. यापुढं यंत्र आहेच. तुमचं जे काय निघत असेल ते घरपोच येईल, त्याची काळजी नको."

आराम हा शब्द उशीसारखा मऊ. तोंडावर दाबला की मग कळतो.

घरी बायको मशीनवर होती. लोकांचे कपडे आखूड-लांब करून देणं हे तिचं काम. लग्नानंतर जाड झालेल्या, आजारात वाळलेल्या, थोरल्याचे कपडे वाट्याला आलेल्या, सगळ्यांच्या शिवणी ती उसवायची आणि पुन्हा घालायची. गल्लीतल्या कुणाचं काय वाढलं नि काय घटलं, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं.

"माझी उंची किती गं?" ओळंब्यानं दारातूनच विचारलं.

मशीन थांबलं. "हे काय मधेच?"

"टेप घे आणि सांग."

"टेप कशाला? पाठ आहे मला." तिनं सुई वर उचलली, कापड काढलं, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. "चपला तरी काढा."

"किती?"

"अहो, चार वर्षं झाली मी तुमच्या शर्टाचा पुढा आखूड कापते आणि पाठ लांब. वाकलेल्या माणसाला सरळ शर्ट घातला की तो पुढून लोंबतो नि मागून वर चढतो. तुमचा कधी चढलेला बघितलात?"

"नाही."

"मग."

ओळंबा खुर्चीवर बसला. शर्ट अंगाला नीट बसतो, म्हणजे अंग जिथल्या तिथं आहे, असंच तो समजून होता. आरशात तोंडापलीकडं त्यानं कधी काही पाहिलं नव्हतं. त्यानं हॉलमधलं सगळं तिला सांगितलं, लाल रेघेपासून आरामापर्यंत.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुम्हाला?" ती हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "शेजारच्या ताईंकडं चहाला गेलो तर तुम्ही त्यांचं घड्याळ सरळ करून येता. दवाखान्यात डॉक्टरांच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट सरळ केलंत, ते बिचारे नाडी धरून बसलेले. असल्या माणसाला मी सांगायचं, अहो, तुमचंच वाकडं झालंय?"

"तू मला शर्टात लपवलंस."

"कुणीतरी लपवायलाच हवं होतं ना. नाहीतर ही खुर्ची चार वर्षं आधी मिळाली असती तुम्हाला."

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. मशीनच्या खटखटीवर ती नेहमी काहीबाही गुणगुणायची, स्वतःच जुळवायची आणि स्वतःच विसरायची. आज तिनं जुळवलं ते तो ऐकत राहिला.

*भिंत म्हणे खिळ्याला, तुझं माझं नातं काय,*
*चित्र जातं घरोघरी, भोक मागं राहून जाय.*

"हे माझ्यावर का?" त्यानं विचारलं.

"खिळ्यावर," ती म्हणाली.

आठवडा गेला. घरात सरळ करण्यासारखं काही उरलं नाही. कपाटाचं दार, बाथरूमचा आरसा, खिडकीची कडी, सगळं झालं. मग तो नुसता बसू लागला. हात मांडीवर ठेवले की आपले वाटेनात, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे वाटत.

रविवारी हॉलचा पहारेकरी आला. दारातूनच हसत, हातात वर्तमानपत्र नाचवत.

"ओळंबाभाऊ, चहा टाकायला सांगा. चहाशिवाय सांगणार नाही."

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत दर मोसमात एक यादी यायची, या मोसमात पाहायलाच हवीत अशी सात प्रदर्शनं. ओळंबा ती यादी वर्षानुवर्षं बायकोला वाचून दाखवत आला होता. चांगले दिवस होते तेव्हा गावभरच्या हॉलवाल्यांची त्याला बोलावणी असायची. "यातली चार माझी," तो म्हणायचा. ती म्हणायची, "बघू, नाव कुठंय?" नाव नसायचं. चित्रकाराचं असायचं, हॉलचं असायचं, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याचं असायचं. खिळ्याचं नाव कोण छापतं?

"पहिला नंबर आपला," पहारेकरी म्हणाला आणि चष्मा नाकावर चढवून वाचू लागला. "'या मोसमात एकच प्रदर्शन पाहायचं असेल तर हे पाहा. चित्रं उत्तम आहेतच, पण खरी किमया मांडणीची. प्रत्येक चित्र नेहमीपेक्षा किंचित खाली लावलं आहे. किंचितच. पाहणाऱ्याला ते कळत नाही, त्याच्या मानेला कळतं. आपण नकळत झुकतो. उर्मटपणे चित्राच्या नजरेला नजर देण्याची सवय मोडून हे प्रदर्शन आपल्याला नम्र करतं. तरुण मांडणीकाराच्या या धाडसाला...'" इथं पहारेकऱ्याला हसू आवरेना. "'...या धाडसाला दाद द्यावी तेवढी थोडी.' भाऊ, तुमच्या कंबरेला दाद मिळाली हो पेपरात."

बायको कप घेऊन आली होती. "नाव कुणाचं आलंय?"

"त्या पोराचं. फोटोही आहे. बघा, कसा हाताची घडी घालून उभा आहे."

"सरळ उभा आहे," ती म्हणाली.

पहारेकऱ्याला वाटलं विनोद झाला. तो आणखी हसला. रांग लागलीय म्हणाला, शनिवारी तर जिन्यापर्यंत. लोक आत जातात आणि मान वाकवून वाकवून बाहेर येतात. एका बाईंना रडू आलं म्हणे. दोन हॉलवाले टेप घेऊन उंची मोजून गेले.

ओळंब्यानं वर्तमानपत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून परत दिलं.

"ठेवा की तुम्हाला," पहारेकरी म्हणाला.

"नको. यातलं एकही माझं नाही."

मंगळवारी मॅडमचा फोन आला. आवाजात साखर होती. प्रदर्शनाचं पुस्तक निघतंय, काका. त्यात मांडणीवर आठ पानं आहेत. एक फोटो हवा आहे, टांगणारा माणूस भिंतीशी उभा राहून डोळ्यासमोर ठिपका देतोय असा. पाठमोरा. तुमच्यासारखं ते दुसऱ्या कुणाला जमत नाही, आम्ही दोघातिघांना उभं करून पाहिलं. आणि हो, पुढचीही प्रदर्शनं आता याच उंचीवर लावायची ठरलीत, तेव्हा पुढच्या महिन्यापासून तुम्ही परत या. यंत्रानं लावलं की ते नुसतं खाली दिसतं. तुमच्या हातचं वेगळं दिसतं.

"आणि काका," मॅडम जरा थांबल्या, "कुणी विचारलं तर उंची मांडणीकारानं ठरवली म्हणायचं. म्हणजे तुम्हीच लावलंत, पण सांगितलं त्यानं. तुम्हाला त्यानं काय फरक पडतो?"

"काही नाही," ओळंबा म्हणाला.

"जाणार?" फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं.

"जाणार. काम परत मिळतंय."

"त्यांनी तुमचं कुबड विकायला काढलंय."

"काढू दे. भिंत मिळतेय ना." तो तिच्याकडं वळला. "तुला माहीत नाही. इथं बसून बसून माझे हात मरतायत."

ती उठली. कपाटातून धुतलेला शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली.

हॉलमध्ये खरंच रांग होती. ओळंबा बाजूच्या दारानं आत शिरला आणि क्षणभर थबकला. सगळी माणसं वाकली होती. फार नाही, तीन इंच. तरुण, ताठ, महागडे बूट घातलेली माणसं मान पुढं काढून, खांदे पाडून एका चित्रापासून दुसऱ्या चित्राकडं सरकत होती, आणि एक मुलगी मैत्रिणीला कुजबुजत होती, "बघ ना, आपोआप होतं." त्या सगळ्यांत काठी टेकत आलेली एक म्हातारीच तेवढी चित्रासमोर निवांत उभी होती. तिला कुठं झुकावं लागत नव्हतं. चित्र बरोबर तिच्या डोळ्याला आलं होतं. तिला वर्तमानपत्रातलं काही माहीत नसावं. ती नुसती बघत होती.

मागच्या लहान खोलीत एक भिंत ताजी रंगवून मोकळी ठेवली होती. समोर दिवे, दिव्यांमागं फोटोग्राफर, बाजूला मॅडम आणि मांडणीकार. मांडणीकारानं पुढं येऊन त्याचा हात धरला. "काका, बरं झालं आलात." त्याला आपल्याकडं नीट बघवत नव्हतं, हे ओळंब्याला दिसलं. पण बघवत नसतानाही तो उभा होताच.

"रोजच्यासारखं करा," फोटोग्राफर म्हणाला. "मी आहे हे विसरा."

ओळंबा भिंतीशी गेला. हातभर अंतर. टाचा जुळवल्या. कानावरची पेन्सिल काढली.

वाकायचं असं काही नव्हतंच. नुसतं उभं राहायचं होतं, जसं शरीर होतं तसं. घरून तो तेच ठरवून निघाला होता. पण समोर भिंत होती, कोरी, त्याच्या पावलांची वाट पाहणारी, आणि चौतीस वर्षांत भिंतीसमोर तो कधी मुद्दाम चुकीचा उभा राहिला नव्हता. चुकला असेल, पण ते न कळता. आता कळत होतं. कळून चुकायचं कसं, ते त्याच्या पायांना ठाऊक नव्हतं.

टाचेपासून काहीतरी वर चढलं. गुडघे ताठ झाले. कंबरेत कळ आली, ती त्यानं दातांखाली धरली. पाठ मणका मणका करत वर गेली, गंजलेलं शटर उचलावं तशी. खांदे मागं गेले. इस्त्रीचा शर्ट पुढून वर चढला, मागून लोंबला. त्यानं श्वास सोडला नाही. सोडला असता तर सगळंच खाली आलं असतं. डावा डोळा मिटला आणि पेन्सिल टेकवली.

"काका," मांडणीकार हलकेच म्हणाला, "जरा खाली. नेहमी राहता तसे राहा ना."

"मी नेहमी असाच राहतो."

"अहो काका..." मॅडम काही बोलणार होत्या, पण फोटोग्राफरनं हात वर करून त्यांना थांबवलं. त्याला अनुभव होता. तो कॅमेऱ्याला डोळा लावून थांबला. सगळेच थांबले. कुणाला घाई नव्हती. म्हातारं माणूस ताठ किती वेळ राहणार?

पेन्सिल भिंतीवर टेकलेलीच होती. आधी कोपर थरथरलं. मग मानेवर घाम आला. मग श्वास, जो त्यानं धरून ठेवला होता, तो आपला आपण निघाला आणि त्याच्याबरोबर मणके एकेक करून खाली बसत गेले. हात भिंतीवरून निघाला नाही. पेन्सिलीनं ठिपक्यापासून सरळ खाली एक रेघ ओढली, सावकाश, अगदी सरळ.

कॅमेरा वाजला. तीनचारदा वाजला.

"वा," फोटोग्राफर म्हणाला.

"काका, रेघ राहू दे," मांडणीकाराचा आवाज एकदम बदलला होता, मघाचं अवघडलेपण कुठल्या कुठं गेलं होतं. "हात लावू नका तिला. या खोलीत फक्त ही रेघ ठेवू. मॅडम, विचार करा, कोरी भिंत आणि ही एक रेघ. खाली लहानशी पाटी."

"कुणाच्या नावाची?" ओळंब्यानं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पलीकडच्या हॉलमधून माणसांची कुजबुज येत होती.

"ते आपण ठरवू की," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येताय ना तुम्ही."

ओळंब्यानं खिशातून खोडरबर काढलं.

"काका, नका. काका, ऐका माझं, हे तुमच्याच भल्याचं आहे. आत्ता ती पुसलीत तर मग मी काही करू शकणार नाही," मॅडम म्हणाल्या.

तो पुसू लागला. खालून वर, खालून वर, रंगाला धक्का लागणार नाही अशा हलक्या हातानं. पुसलेला चुरा भिंतीवर चिकटू नये म्हणून मधूनमधून फुंकर घालत. रेघ बोटभर उरली, मग नखाएवढी, मग ठिपक्याशी येऊन हात थांबला.

तो ठिपका त्यानं तसाच ठेवला. खोडरबर खिशात टाकलं, टाचा जुळवल्या आणि मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.